रात्री फोन उचलणारा डॉक्टर

उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी चलथाण, बारडोली, व्यारा, सोनगढ मागे टाकत नवापूरला महाराष्ट्रात शिरते आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत पुढे जाते. खानदेशातली कितीतरी घरं याच रुळावरून सुरतेला आली. लूमवर, डाईंगमध्ये, कापड बाजारात काम मिळालं आणि लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा इथे ती वसली. लिंबायतच्या गल्ल्यांत आजही घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा दिवस जातो.

या वस्तीतलं माणूस जास्त आजारी पडलं की दोनच ठिकाणं आठवतात. सहारा दरवाजाच्या अंगाला, उमरवाड्यात महापालिकेचं स्मीमेर आणि मजुरा गेटला सरकारी न्यू सिव्हिल. दोन्ही रुग्णालयांना वैद्यकीय महाविद्यालयं जोडलेली आहेत. सिव्हिलचं १९६४ पासूनचं, तर स्मीमेरचं गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांतलं. म्हणजे लिंबायतच्या मुलामुलींना पांढरा कोट नवा नाही. केस पेपरसाठी रांगेत उभं राहताना, आजीला व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेताना त्यांनी डॉक्टर भरपूर पाहिलेले असतात. पण वॉर्डातल्या त्या आठ-दहा डॉक्टरांपैकी शेवटचा शब्द कोणाचा, तो शब्द उच्चारण्याचा अधिकार कसा मिळतो आणि मिळाल्यावर काय निभावावं लागतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

शिकवणाऱ्या रुग्णालयातला वॉर्ड युनिटमध्ये वाटलेला असतो. सर्वांत खाली इंटर्न, म्हणजे एमबीबीएसची परीक्षा देऊन वर्षभर काम करणारा. त्याच्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर, जे एमडी किंवा एमएस करत असतात. त्यांच्यावर सीनिअर रेझिडेंट, मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सगळ्यांच्या वर युनिट हेड. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, इमर्जन्सीचा वार ठरलेला. त्या वारी दाखल होणारा प्रत्येक रुग्ण त्या युनिटच्या प्रमुखाच्या नावावर चढतो. रक्त इंटर्न काढतो, औषध पहिल्या वर्षाचा निवासी लिहितो, सलाईन परिचारिका लावते. केस पेपरच्या माथ्यावर मात्र नाव प्रमुखाचं असतं. जे हात त्याचे नाहीत, त्या हातांनी केलेल्या कामाचा जाब त्याला द्यायचा असतो. खासगी रुग्णालयात हाच माणूस कन्सल्टंट म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत त्याला अटेंडिंग म्हणतात. नाव काहीही असो, काम एकच.

हे काम कसं दिसतं, ते एका राऊंडमधून सांगतो. समजा, ऑगस्टचा महिना आहे. सुरतेत पाऊस सुरू आहे आणि मेडिसिनच्या वॉर्डात एका खाटेवर दोघं अशी गर्दी आहे. सव्वीस वर्षांचा लूम कामगार तीन दिवसांच्या तापाने आला आहे. अंग दुखतंय, प्लेटलेट साठ हजारांवर उतरल्या आहेत. निवासी डॉक्टरने डेंग्यू लिहून सलाईन सुरू केलं आहे. या मोसमात दहापैकी बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. प्रमुख रुग्णाशेजारी बसतात आणि विचारतात, गेल्या पंधरवड्यात कुठे गेला होतास? तो सांगतो, नवसारीकडे मेव्हण्याच्या शेतात भातलावणीला. मग त्या त्याच्या पोटऱ्या दाबून पाहतात, तो कळवळतो. डोळे लाल आहेत, पण चिपडं नाहीत. कालपासून लघवी कमी झाली आहे. क्रिएटिनीन वाढलंय, पण ते आकडे कागदाच्या मागच्या बाजूला होते. ही लेप्टोस्पायरोसिसची खूण आहे. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आणि तिथून पायाच्या जखमेतून शरीरात शिरणारा हा आजार दक्षिण गुजरातच्या भातशेतीत आणि उसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात नेमाने डोकं वर काढतो. रक्तातली प्रतिपिंडं तपासणीत दिसायला आठवडा लागू शकतो आणि तोवर मूत्रपिंडं वाट पाहत नाहीत. त्या म्हणतात, तपासणी पाठवा, पण पेनिसिलिन आत्ता सुरू करा.

पुढच्या खाटेवर नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरचा मुलगा आहे. व्हायवॅक्स मलेरिया. यकृतात लपलेले जंतू मारायला चौदा दिवसांचं प्रायमाक्विन निवासी डॉक्टरने लिहिलं आहे, पुस्तकात असतं तसंच. प्रमुख विचारतात, जी-सिक्स-पीडी पाहिलं? ज्यांच्या तांबड्या पेशींत हे विकर कमी असतं, त्यांच्या रक्तपेशी या गोळीने फुटतात. सातपुड्याच्या पट्ट्यात ही कमतरता आणि सिकलसेल दोन्ही आढळतात. निवासी गप्प होते. गोळी थांबते, तपासणी जाते.

यातली एकही गोष्ट पुस्तकाबाहेरची नाही. निवासी डॉक्टरांनी ते पुस्तक अधिक ताजं वाचलेलं असतं. वरिष्ठाकडे जादा असतं ते हे, की कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे त्याने शेकडो खाटांजवळ बसून शिकलेलं असतं. आणि एक गोष्ट यापेक्षाही अवघड आहे. त्या निवासीला चार लोकांत तोंडघशी न पाडता हे शिकवायचं असतं, कारण अपमान झालेला ज्युनिअर पुढच्या वेळी शंका आली तरी विचारत नाही. माझ्या मते साऱ्या वरिष्ठपणाची कसोटी इथेच आहे. रात्री दोन वाजता, खात्री नसताना, ज्युनिअर फोन करतो की करत नाही?

ही कसोटी मी मनाने काढलेली नाही. ती एका मुलीच्या मृत्यूने जगाला शिकवली. ४ मार्च १९८४ च्या रात्री न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची तरुणी ताप आणि अस्वस्थपणा घेऊन आली. तिला तपासलं ते एका इंटर्नने आणि दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने. वरिष्ठ डॉक्टर घरी होते आणि त्यांनी फोनवरून उपचारांना संमती दिली. ती नैराश्यासाठी फेनेल्झिन घेत होती आणि तिला पेथिडीन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र घातक ठरू शकतात. इंटर्नकडे त्या रात्री सुमारे चाळीस रुग्ण होते. लिबीची तगमग वाढली तेव्हा तिला बांधून ठेवण्याचा आणि आणखी एक औषध देण्याचा आदेश फोनवरूनच गेला. सकाळी ताप भयानक चढला आणि हृदय थांबलं. वडील सिडनी झायन पत्रकार होते आणि पूर्वी सरकारी वकीलही होते. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर गुन्हा दाखल केला नाही, पण सगळ्या व्यवस्थेवर ठपका ठेवला. डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त काम नको, सलग २४ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको आणि वरिष्ठांची देखरेख हवीच.

जगभर गाजला तो तासांचा नियम. बेल मात्र पुढे अनेकदा सांगत राहिले की मूळ मुद्दा देखरेखीचा होता. थकलेल्या निवासीच्या पाठीशी जागा वरिष्ठ असेल तर रुग्ण वाचतो. ताज्यातवान्या निवासीला एकटं सोडलं तर रुग्ण वाचेलच असं नाही. मला बेल यांचं म्हणणं पूर्ण पटतं. आपल्याकडेही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांत 'वाजवी' तास आणि 'वाजवी' विश्रांती असे शब्द आले. निवासी डॉक्टर आजही छत्तीस तास उभे असतात, हे कोणत्याही सरकारी वॉर्डात दिसतं. जोवर ते बदलत नाही, तोवर वरिष्ठाचं जागं असणं दुप्पट मोलाचं आहे.

महाराष्ट्रातलं एक प्रकरण लिबीच्या प्रकरणाहूनही जुनं आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तिथेच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात एक टॉवेल राहिला. ताप, वेदना, सूज असं दिवसामागून दिवस वाढत गेलं. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडलं तेव्हा टॉवेल सापडला, पण बाई वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी, न्यायालयाने सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरलं. नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून चूक झाली हे सिद्ध करण्याचं ओझं अशा वेळी रुग्णाच्या घरच्यांवर नसतं, चूक रुग्णालयाच्या कामात झाली एवढं पुरतं, असा त्या निकालाचा अर्थ आहे. वरिष्ठ होऊ पाहणाऱ्याने हा निकाल वाचावा. भीतीपोटी नव्हे. ते सहा दिवस रोज कोणीतरी तिच्या खाटेजवळून गेलं असेल, हे लक्षात राहावं म्हणून.

अशा चुका कमी कशा होतात, याचं उत्तर फारसं गूढ नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ देशांतल्या आठ रुग्णालयांच्या अभ्यासात दिल्लीचंही एक रुग्णालय होतं. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेची तपासयादी मोठ्याने वाचायची, एवढाच बदल केला गेला. कापडं आणि उपकरणं मोजणं हा त्या यादीचाच भाग. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. दुसरा अभ्यास २०१४ चा, अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांतला. ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती ठरलेल्या क्रमाने द्यायची. तो किती गंभीर आहे, काय झालं, आता काय करायचं आहे, काय बिघडू शकतं, आणि ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं. उपचारांतल्या चुका जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाल्या. लिंबायतच्या वाचकाला हे चटकन समजेल. लूमच्या कारखान्यात पाळी बदलताना जाणारा कारागीर येणाऱ्याला सांगून जातो की कोणत्या लूमचा धागा सारखा तुटतोय आणि कोणता बीम संपत आलाय. न सांगता गेला तर कापड बिघडतं. वॉर्डात सांगायचं राहिलं तर माणूस जातो. तपासयादी काय, हँडओव्हर काय, दोन्ही कागदावर फुकट आहेत. वरिष्ठ स्वतः थांबून ऐकतो तिथेच ते चालतात. तो घाईत असला की महिनाभरात फक्त सह्या उरतात.

आता या जागेपर्यंत पोहोचायचा रस्ता. तो लांब आहे, पण अंधारा नाही. बारावी विज्ञान, मग नीट. ही परीक्षा तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी व गुजराती दोन्ही आहेत. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप एक. मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस, किंवा राष्ट्रीय बोर्डाचं डीएनबी. त्यातले तीन महिने आता जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. मग एक वर्ष सीनिअर रेझिडेंट. तिथून सहायक प्राध्यापक, चार वर्षांनी सहयोगी, आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक. सोबत शोधनिबंध, अध्यापनाचा आणि संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम. कुठेही न अडता गेलं तर पस्तिशीच्या आसपास माणूस प्राध्यापक होतो. पण न अडता फार थोडे जातात. नीटची एक-दोन वर्षं, पीजीची एक-दोन वर्षं, ग्रामीण सेवेचा बाँड, लग्न, आईवडिलांचं आजारपण धरलं तर चाळिशी म्हणावी. हृदयविकार, मूत्रपिंड यांसारख्या विषयांत जायचं तर डीएमची तीन वर्षं वेगळी.

एक नवी वाट २०२५ मध्ये उघडली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अध्यापकांविषयीच्या नव्या नियमांनुसार, २२० किंवा त्याहून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, आणि दोन वर्षं काम केलेला सहायक प्राध्यापक. तिथे सीनिअर रेझिडेन्सीची अट आड येत नाही. काही प्राध्यापकांना हे पटलेलं नाही. मला पटतं. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षं रात्री सांभाळलेल्या डॉक्टरकडे शिकवण्याजोगं काही नाही, असं म्हणणं धाडसाचं आहे. मात्र अशा डॉक्टरांना शिकवण्याचं शिक्षण खरोखर द्यायला हवं, नुसतं प्रमाणपत्र नव्हे.

खानदेशातून आलेल्या घरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण त्या कळायला उशीर होतो आणि मुलांचं नुकसान होतं. पहिली शाळेची. पुष्कळ घरं दहावीपर्यंत मुलाला सुरतेत ठेवतात आणि अकरावी-बारावीला लातूर, नांदेड किंवा गावाकडे पाठवतात. गुजरातच्या राज्य कोट्यासाठी गुजरातमधली दहावी-बारावी आणि अधिवास पाहिला जातो. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्रातली दहावी-बारावी आणि तिथला अधिवास. अर्धं शिक्षण इकडे आणि अर्धं तिकडे झालं तर दोन्ही राज्यांच्या ८५ टक्के जागा हातच्या जाऊ शकतात आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांवर सगळी भिस्त राहते. नियमांना अपवाद आहेत आणि ते बदलतातही. म्हणून दहावीचा निकाल लागण्याआधीच दोन्ही राज्यांच्या प्रवेशाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर एक खटला आला होता, त्यात प्रतिवादी होते मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डीन. आंध्रातल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबातला मुलगा लहानपणीच वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आला, तिथेच शिकला आणि वैद्यकीय प्रवेशासाठी त्याने राखीव जागा मागितली. न्यायालयाने ठरवलं की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो आणि दुसऱ्या राज्यात गेलेला माणूस तो बरोबर नेत नाही. लिंबायतमधल्या भिल्ल, तडवी, कोळी किंवा दलित घरांना याचा थेट फटका बसतो. वडिलांचा दाखला धुळ्याचा किंवा जळगावचा, आणि मूल जन्मलं सुरतेत. कुठला दाखला कुठे चालेल हे मामलतदार कचेरीत आणि समाजकल्याण विभागात वेळेत विचारून ठेवावं. फीसाठी गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आणि मुलींसाठी मुख्यमंत्री कन्या केळवणी निधी आहे. उत्पन्नाचा दाखला तयार नसल्यामुळे ती मदत हुकणं ही फार वाईट गोष्ट आहे.

हा रस्ता आज तरी खुला आहे. तो नेहमीच खुला नव्हता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या तुकडीतले. शिकायला हिंदी माणसांना मुभा होती, पण प्राध्यापकाच्या आणि वॉर्डप्रमुखाच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे राहिल्या. हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला तरी सहायकच. म्हणून सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली की तिथे शिकवतील ते हिंदी डॉक्टरच. १९२६ मध्ये परळला ते महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं. त्याचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. पुढे १९६० मध्ये तेच गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. वरिष्ठाची जागा ही बढती नसून हक्क आहे आणि तो लढून घ्यावा लागतो, हे त्या अटीमागचं म्हणणं होतं. त्याच केईएममध्ये आयुष्य घालवलेले शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'. मोठ्या डॉक्टरचं आयुष्य एका वॉर्डाच्या नावाने ओळखलं जावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

हक्क मिळाला तरी प्रश्न संपत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राच्या निवासी डॉ. पायल तडवी यांनी वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपवलं. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. त्यांच्याहून वरिष्ठ असलेल्या तीन निवासी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालय आपलं काम करील. मी इथे लिहितो ते वॉर्डाबद्दल. सुरुवातीला आरोपी होते ते एक-दोन वर्षं पुढे असलेले निवासी. पण निवासी डॉक्टर युनिटमध्ये काम करतात आणि युनिटला प्रमुख असतो. कोणाला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायला मिळतं, कोणाला फक्त कागद भरायला बसवलं जातं, कोण जेवायला एकटी जाते, हे राऊंडच्या वेळी डोळे उघडे ठेवले तर दिसतं. रुग्णाच्या पोटऱ्या दाबून पाहणाऱ्याने आपल्या ज्युनिअरच्या चेहऱ्याकडेही पाहिलं पाहिजे. हेही देखरेखीचं काम आहे, आणि ते करायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

सुरतेला वरिष्ठ डॉक्टरांची किंमत एकदा फार जवळून कळली. सप्टेंबर १९९४ मध्ये, पुराचं पाणी ओसरल्यावर, शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. खानदेशाकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. बरेच खासगी दवाखाने बंद झाले. रुग्ण येत राहिले ते सिव्हिलमध्ये. प्रयोगशाळेची खात्री यायला वेळ होता आणि या आजारात एक दिवसाचा उशीरही जीव घेतो. अशा वेळी तापाचा, खोकल्याचा, रक्त पडणाऱ्या थुंकीचा अर्थ लावून टेट्रासायक्लिन सुरू करायचं की थांबायचं, हे ठरवणारं कोणीतरी लागतं. पुढे जगभरच्या तज्ज्ञांत तो प्लेग होता की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाला. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या वादाची चैन परवडणारी नव्हती. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत लिंबायत झोन शहरातल्या सर्वाधिक रुग्णांच्या भागांत होता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे विलगीकरण कसं करायचं? ज्यांनी ती खोली पाहिली होती, त्या डॉक्टरांचे सल्ले कामाला आले.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की या वॉर्डांना लिंबायतमधून आलेले वरिष्ठ डॉक्टर हवेत. डिंडोलीची म्हातारी "छातीमा दुखस" म्हणाली तर ती हृदयाबद्दल बोलतेय की चुलीच्या धुराने बसलेल्या दम्याबद्दल, हे तिच्या बोलीत आणखी दोन प्रश्न विचारणाऱ्यालाच कळेल. बारा तासांच्या पाळीत पाणी किती प्यायला मिळतं, घाम किती जातो, लूमच्या आवाजाने कान कोणत्या वयात जातात, हे त्या घरातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. अर्थात बोली येते म्हणून कोणी चांगला डॉक्टर होत नाही. इतक्या वर्षांचं शिक्षण त्यासाठीच आहे. पण ते शिक्षण आणि ही ओळख एकाच माणसात आली, तर रुग्णाला दोन वेळा सांगावं लागत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. सरकारी किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातला प्राध्यापक खासगी रुग्णालयातल्या व्यस्त कन्सल्टंटपेक्षा कमी कमावतो. पगार बरा आणि नियमित असतो, श्रीमंती नसते. ज्या घराने कर्ज काढून शिकवलं, त्या घरात ही गोष्ट पीजीच्या आधीच बसून बोलावी. काही जण आधी दहा वर्षं खासगीत काढून मग शिकवायला येतात, काही सकाळी शिकवतात आणि संध्याकाळी दवाखाना चालवतात. सरकारी सेवेत खासगी व्यवसायाचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते नेमणूकपत्रावर सही करण्याआधी वाचावेत.

आणि पीजीची जागा भरताना एक गोष्ट अवश्य करा. महाविद्यालयाचं नाव, विषयाचा भाव आणि कट-ऑफ सगळेच पाहतात. तुम्ही त्या वॉर्डात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारा की रात्री अडलं तर तुमचे युनिट हेड फोन उचलतात का आणि बोलावलं तर येतात का. उत्तर देताना तो अडखळला, तर यादीतली पुढची जागा पाहा. जिथले वरिष्ठ रात्री येतात, त्याच युनिटमध्ये तुम्ही वरिष्ठ व्हायला शिकाल.